कन्सोल पुण्यात, कंट्रोलर घाटंजीत

घाटंजीच्या बसस्टँडसमोर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आता गुडघ्यांमुळे मी अर्धा दिवसच बसते, पण तीसेक वर्षं मी तिथं सकाळी कुलूप उघडलं आणि संध्याकाळी लावलं. यवतमाळच्या आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा कोर्स केला तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दुसरीचं पुढं लग्न झालं आणि तिनं सोल्डरिंग आयर्न परत हातात घेतलं नाही. माझंही लग्न झालं, पण मी घेतलं. सुरुवातीला गिऱ्हाईक दाराशी थांबून विचारायचं, "मिस्त्री कुठी गेले?" मी म्हणायची, "मीच मिस्त्री. काय बिघडलं ते सांगा."

रेडिओ झाले, टीव्ही झाले, सीडीचे प्लेअर झाले. मग मोबाइल आले, आणि गेली काही वर्षं पावसाळा लागला की शेतकऱ्यांच्या फवारणी पंपांच्या बॅटऱ्या. या सगळ्यावर लिहिता येईल. पण मला कोणी विचारलं की तुमच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम कोणतं, तर मी व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरचं चार्जिंग असं सांगते. लोक हसतात. हसू द्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. टीव्हीला जोडून गेम खेळायचं जे यंत्र असतं त्याला कन्सोल म्हणतात. दोन्ही हातांत धरून, अंगठ्यांनी बटणं दाबत जे खेळायचं तो कंट्रोलर. त्याला वायर नसते, म्हणून पोटात बॅटरी असते, आणि बॅटरी म्हटली की ती संपणारच. कन्सोल घरात असेल तर प्रश्न नाही, त्यालाच वायर जोडून कंट्रोलर भरून घ्यायचा. पण कंट्रोलर एका गावात आणि कन्सोल दुसऱ्याच गावात असेल तर? असं कायले होईल, असं मलाही वाटायचं. पण झालं, आणि वारंवार झालं.

पहिला कंट्रोलर माझ्याकडं आणला तो जनावरांच्या डॉक्टरांनी. ते मूळचे नागपूरचे, बदलीवर इथं आलेले, बायको आणि कन्सोल दोन्ही नागपूरला. जनावरांच्या लसी ठेवायचा थंड डबा घेऊन ते दुकानात आले, इकडंतिकडं पाहिलं आणि डब्यातून दोन कंट्रोलर काढून माझ्या टेबलावर ठेवले.

"मंदाबाई, कोणाला सांगू नका," ते म्हणाले. "दिवसभर गायीम्हशींत असतो. संध्याकाळी लॅपटॉपवर तासभर फुटबॉल खेळतो, तेवढंच डोकं हलकं होतं. पण विकणाऱ्यानं बजावलंय, हे फक्त कन्सोलवरच चार्ज करायचे, नाहीतर जळतील. म्हणून दर शनिवारी नागपूरला नेतो, भरून आणतो. बुधवारपर्यंत संपतात."

"त्यात काय एवढं," मी म्हणाले.

ती माझी चूक. टेबलावरचा पॉवर सप्लाय मी सकाळीच एका फवारणी पंपासाठी बारा व्होल्टवर ठेवला होता. तो तसाच राहिला. मी एक वायर कापून जोडली, कंट्रोलरला लावली आणि दोन सेकंदांत जळका वास आला. तीस वर्षांत तो वास मी हजारदा घेतला असेल, पण दुसऱ्यांच्या चुकांचा. या वेळी चूक माझी होती आणि गिऱ्हाईक समोर बसलं होतं. 

डॉक्टरांनी कंट्रोलर उचलला, उलटासुलटा केला आणि गोठ्यात उभं राहून सांगावं तशा आवाजात म्हणाले, "गेला."

मी भरून देते म्हणाले. त्यांनी मान हलवली. "माझ्या हातूनही जनावरं दगावलीत, बाई. दुसऱ्या दिवशी त्याच गोठ्यात जावंच लागतं. हा ठेवून घ्या. उघडा, कशानं मेला ते बघा. दुसरा मी सोमवारी आणतो."

"दुसरा बी आनाल?" माझ्या तोंडून निघालं.

"मग काय दर शनिवारी नागपूर करू?"

तो मेलेला कंट्रोलर मी आठ दिवस उघडून ठेवला. आतल्या सर्किटच्या पाटीचा फोटो काढून एकेक रेघ तपासली. आत मोबाइलसारखीच लहानशी बॅटरी होती, तिला भरणारी तशीच लहानशी चिप, आणि तिला हवे होते फक्त पाच व्होल्ट. घरातला साधा मोबाइल चार्जर तेवढेच देतो. चार्जरवरचा अँपियरचा आकडा मोठा असला तर बिघडत नाही, वस्तू आपल्याला लागेल तेवढंच ओढून घेते. व्होल्ट मात्र पाचाचे बारा झाले की खेळ खलास. आणखी एक गोष्ट सापडली. कंट्रोलरच्या खालच्या अंगाला, हेडफोनच्या भोकाशेजारी, धातूचे बारीक संपर्क होते. वायर न खुपसता त्यांच्यातूनही वीज आत जात होती. तेव्हा मी ते नुसतं वहीत लिहून ठेवलं.

सोमवारी डॉक्टर आले. दुसरा कंट्रोलर मी माझ्याच जुन्या मोबाइलच्या चार्जरला लावला. त्याच्या दिव्याच्या पट्टीवर नारिंगी उजेड हळूच आला, गेला, परत आला. डॉक्टर स्टुलावर बसून पाहत राहिले. अर्ध्या-पाऊण तासानं म्हणाले, "श्वास बरा चालू आहे." त्यानंतर त्यांचं शनिवारचं नागपूर फक्त बायकोसाठी राहिलं.

ही गोष्ट तोंडातोंडी गेली. ढाणकीचे एक कापडवाले चार कंट्रोलर पिशवीत घालून आले. त्यांचं कन्सोल दुरुस्तीला गेलं होतं आणि कोणत्याही चार्जरवर हे चौघं जिवंत होत नव्हते, म्हणून ते फेकायला निघाले होते. मीही दोन चार्जर लावून पाहिले. काही नाही. मग शेजारच्या झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला लावले तर चौघांचे दिवे लुकलुकायला लागले. ते जुन्या पिढीचे होते. समोर कोण आहे हे विचारल्याशिवाय आणि उत्तर मिळाल्याशिवाय ते वीज घेत नाहीत. मोबाइलचा चार्जर मुका, कॉम्प्युटर उत्तर देतो. कापडवाले म्हणाले, "म्हंजे मानपानवाले हायत हे." मी म्हटलं, हो, आमच्या व्याह्यांसारखे.

आता खरं सांगायचं ते.

दादाराव एसटीचे ड्रायव्हर होते. यवतमाळ-घाटंजी फेरीवर त्यांची गाडी वर्षानुवर्षं होती. मला लागणारे सुटे भाग यवतमाळच्या ठोक दुकानातून यायचे, आणि दादाराव ते पुडकं कंडक्टरच्या हाती न देता स्वतः खाली उतरून माझ्या टेबलावर आणून ठेवायचे. "मंदाबाई, तुह्या टीव्हीचा जीव आनला," म्हणायचे. निवृत्त झाल्यावरही रोज सकाळी स्टँडवर चक्कर असायची. मग एक दिवस चक्कर थांबली. कळलं की लकवा मारला, उजवी बाजू गेली.

पाय हळूहळू आला. काठी टेकून ते घरातल्या घरात चालू लागले. हात मात्र येईना. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो त्यांनी डाव्या हातानं अंगणात भिरकावला. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचे. त्यांची मुलगी सुनंदा पुण्यात एका दवाखान्यात नर्स आहे. तिला एक कल्पना सुचली. तिच्या मैत्रिणीकडं कन्सोल होतं. त्याचा जास्तीचा कंट्रोलर आणि स्वतःचा जुना लॅपटॉप घेऊन ती आली, आणि लॅपटॉपवर बस चालवायचा एक गेम टाकून वडिलांसमोर ठेवला. डाव्या अंगठ्यानं स्टिअरिंग, उजव्या हाताच्या बोटांनी ॲक्सिलरेटर आणि ब्रेक.

हे मला दादारावांच्या बायकोनं, शांताबाईंनी, सांगितलं. त्या एका दुपारी कंट्रोलर पदराखाली धरून दुकानात आल्या.

"दोन दिवस पोरासारखे खेळले, बाई," त्या म्हणाल्या. "उजवं बोट हालत नोतं, ते हालाले लागलं. म्या डोयानं पाह्यलं. सुनंदा पुन्याले गेली अन् तिसऱ्या दिवशी हे खेळनं बंद पडलं. गावात दोघातिघाले दाखोलं. ते म्हनतात, याले ती मशीनच पाह्यजे. मशीन पुन्यात. तवापासून पुन्हा भितीकडं तोंड. बोलत नाईत, जेवत नाईत."

"सुनंदाले सांगतलं?"

शांताबाई खाली पाहू लागल्या. "कसं सांगू? तिनं राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला हाय. म्हनते, बाबाचा हात आला नाई तर म्या घरी येतो. इतकी शिकली ते पोरगी. आमच्यापायी घरी येऊन बसन?"

मी कंट्रोलर चार्जरला लावला. नारिंगी उजेड आला. शांताबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं. चार्जर मी त्यांच्याबरोबर दिला आणि मला वाटलं काम संपलं.

चौथ्या दिवशी त्या परत आल्या. चार्जर चालत होता, कंट्रोलर चालत होता, आणि दादाराव पुन्हा भिंतीकडं वळले होते. मी त्यांच्याबरोबर घरी गेले.

"दादाराव, आता काय झालं?"

 ते भिंतीकडंच पाहत म्हणाले, "ते बारीक भोक. त्यात वायर घालाले दोन हात लागतात. म्या हे मांडीत धरतो, घसरते. मग तिले हाका मारा. ती शेतात असली तर वाट पाहा. चाळीस माणसायची गाडी चालोली म्या, मंदाबाई. खेळन्यासाठी बायकोले हाका मारू?"

त्या वायरीचं टोक तुम्ही पाहिलं असेल. चपटं, नखाएवढं, आणि एकाच बाजूनं जाणारं. धडधाकट माणूससुद्धा दोनदा चुकतो. मी त्यांना म्हणाले, "मले आठ दिवस द्या." आणि कंट्रोलर घेऊन दुकानात आले, ती जुनी वही काढली.

वायर खुपसायचीच नाही, असं मी ठरवलं. नुसता कंट्रोलर ठेवला की भरायला लागला पाहिजे, तेही एका हातानं. माझ्या भंगाराच्या पेटीत जुन्या कॉर्डलेस फोनचा स्टँड होता, फोन ठेवला की चार्ज होणारा. त्यातल्या पितळी स्प्रिंग-पट्ट्या काढल्या. सागवानाच्या तुकड्यातून बैठक कोरली, कंट्रोलर बरोबर बसेल अशी. दोन्ही बाजूंना भिंती केल्या, म्हणजे तो उलटा बसूच शकणार नाही. उलटा बसला तर उलटी वीज जाणार, आणि तो वास मी विसरले नव्हते. खालच्या संपर्कांना पट्ट्या जुळवल्या, मागून पाच व्होल्टचा चार्जर जोडला. दुकानात वीस वेळा ठेवून पाहिला, वीसही वेळा दिवा लागला. सातव्या दिवशी मी मिरवतच दादारावांकडं गेले.

त्यांनी डाव्या हातानं कंट्रोलर उचलला आणि बैठकीत ठेवला. दिवा नाही. परत ठेवला. नाही. मी ठेवला, लागला. त्यांनी ठेवला, नाही.

"म्या म्हनलं नोतं?" ते शांताबाईंना म्हणाले आणि आडवे झाले.

स्टँड आणि कंट्रोलर उचलून मी परत आले. दुकानात बसून तो स्टँड समोर ठेवला, पुन्हा पुन्हा कंट्रोलर ठेवत राहिले, आणि कधीतरी स्वतःच्या हाताकडं लक्ष गेलं. मी तो ठेवत नव्हते, दाबत होते. सोडता सोडता माझी बोटं त्याला हलकेच खाली रेटत होती. कॉर्डलेस फोनच्या पट्ट्या ताठ होत्या, कंट्रोलरच्या नुसत्या वजनानं त्या वाकत नव्हत्या. वीस वेळा तपासलं ते मी माझ्या धडधाकट हातानं. ज्याच्यासाठी बनवलं, त्याच्या हातानं एकदाही नाही. इतकी वर्षं मी याच हातानं सगळं तपासत आले होते, आणि कुठकुठं चुकले असेन ते आता शोधायला जायची सोय नव्हती.

ताठ पट्ट्या काढून टाकल्या. एका मोडक्या रिमोटमधल्या पातळ पट्ट्या घेतल्या, केसासारख्या लवणाऱ्या. बैठक मागं कलती केली, म्हणजे कंट्रोलर आपल्याच भारानं पट्ट्यांवर रेलून बसेल. मग मी तो दोन बोटांनी वरून सोडला. मनगटाला पिशवी बांधून, हात थरथरवत सोडला. झेरॉक्सवाल्याच्या म्हाताऱ्या आईला बोलावून तिच्याकडून ठेवून घेतला. ती म्हणाली, "हे काय करून राह्यली तू, मंदा? देव बसोतं का?" तिनं ठेवला तेव्हाही दिवा लागला.

दुसऱ्या खेपेला दादारावांनी माझ्याकडं पाहिलंही नाही. मी स्टँड खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवला आणि म्हणाले, "मागच्या वेळी चूक माही होती. तुमच्या हाताची नाई."

ते उठून बसले. डावा हात पुढं केला, मग थांबले. काय मनात आलं कोणास ठाऊक, कंट्रोलर त्यांनी मांडीवर घेतला, डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं एकेक करून त्याच्याभोवती वळवली आणि उजवा हातच पुढं नेला. हात लटलटत होता. कंट्रोलर बैठकीच्या कडेला आपटला, सरकला, आणि बैठकीत घरंगळून बसला.

नारिंगी उजेड आला.

शांताबाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. दादाराव उजेडाकडं पाहत राहिले. आला, गेला, आला, गेला. मग बऱ्याच दिवसांनी त्यांचा जुना ड्रायव्हरी आवाज ऐकला मी. "चहा ठेव ना वं. मंदाबाई कायची बसून राह्यली?"

त्यानंतर त्या घरात रोज सकाळ-दुपार बस धावू लागली. कंट्रोलर रिकामा झाला की ते स्वतः ठेवायचे, भरला की स्वतः उचलायचे, आणि कोणी मदतीला हात पुढं केला तर डोळे वटारायचे. मी आठवड्यातून एकदा पट्ट्या पुसायच्या निमित्तानं जायची. गेमवर त्यांचा भारी राग. "ह्या गावचे लोक पाह्य," मला दाखवायचे, "कोनी हात दाखोत नाई, कोनी पोतं टाकत नाई. अशी बस असते का कुठी?" पण उजव्या बोटानं ब्रेक दाबताना जीभ दातांत धरलेली असायची. आधी नुसतं एक बोट दाबलं जाई. मग दोन. मग रिव्हर्स घेताना अख्खी मूठ आवळायला लागली. शांताबाईंनी तो रबरी चेंडू अंगणातून आणून परत खाटेवर ठेवला, तेव्हा दादारावांनी तो उजव्या हातात घेतला.

दिवाळीला सुनंदा आली. तिनं पिशवीत राजीनाम्याचा कागद आणला होता, हे मला नंतर कळलं. मला फराळाला बोलावलं होतं म्हणून मी तिथं होते. दादाराव पाटावर बसले, ताटातला चिवडा उजव्या हातानं उचलला. अर्धा मांडीवर सांडला, अर्धा तोंडात गेला. सुनंदा नर्स आहे, रोज पेशंट पाहते, तरी ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा वडील म्हणाले, "तुह्या नोकरीवर माणसं वाट पाहत असतीन. रजा किती दिवसाची हाय?"

"चार दिवसांची, बाबा."

"मंग चारच दिवस राह्यजो."

सुनंदानं मला स्टँड उलटा करून दाखवायला लावला. पट्ट्या पाहिल्या, कलती बैठक पाहिली, आणि विचारलं, "मावशी, असे आणखी कराल का? आमच्याकडं असे पुष्कळ पेशंट येतात." मी आजवर सतरा करून दिले आहेत. प्रत्येक स्टँड आधी झेरॉक्सवाल्याच्या आईकडून पास होतो, मगच पुण्याला जातो. जनावरांच्या डॉक्टरांनी सुद्धा एक मागून नेला, त्यांचे दोन्ही हात चांगले असताना. "आळशी माणसालाही अपंगत्व असतं, मंदाबाई," म्हणाले.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सकाळी दुकान उघडत होते, तर समोर स्टँडवर दादाराव आणि शांताबाई उभे. यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरांना हात दाखवायला निघाले होते. मी रस्त्याच्या मधोमध येऊन थांबले. गाडी लागली, माणसं घुसली. शांताबाईंनी त्यांची काठी घेतली आणि आधाराला खांदा दिला. त्यांनी तो खांदा बाजूला सारला. उजवा हात वर नेला, दाराजवळचा दांडा पकडला, मूठ आवळली, आणि एक पायरी, दुसरी पायरी करत स्वतः वर चढले.

कंडक्टर तरुण होता, त्यांना ओळखत नव्हता. तो दारालगतच्या राखीव सीटवरच्या माणसाला उठवायला लागला. "बाबा, इथं बसा, ही तुमच्यासाठीच आहे."

"बसू दे त्याले," दादाराव म्हणाले. "म्या मांगं जातो. ड्रायव्हरले सांग, घंटी झाल्याबिगर गाडी हालवाची नाई."

घंटी झाली. गाडी वळसा घेऊन माझ्या समोरून यवतमाळच्या रस्त्याला लागली. मागच्या खिडकीत उजवा हात दिसला, बोटं उघडली, मिटली. मी तशीच रस्त्यात उभी होते. पाठीमागं एक ऑटोवाला केव्हापासून हॉर्न वाजवत होता, ते मला ऐकूच आलं नाही.